रानातली हजेरी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपते घेतले आहे.)



आयोजन समितीने मला फोन केला तेव्हा सांगितले होते की, "तू संगणकातली आहेस, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर दहा मिनिटे बोल. पोरांनाही उपयोग होईल." मी हो म्हटले. पण पुण्याहून येताना गाडीत विचार केला, की तीस वर्षांनी आपण सगळे एकत्र बसणार, आपले सर आणि बाई समोर असणार, आणि मी तिथे नोकरीतले प्रेझेंटेशन कशाला वाचून दाखवू? त्यामुळे समितीची क्षमा मागून विषय बदलते आहे. मी आज नाकेदारांबद्दल बोलणार आहे. सरकारी कागदावर ज्यांना वनरक्षक म्हणतात, त्या आपल्या मेळघाटातल्या नाकेदारांबद्दल. आणि मध्येच तुम्हाला थोडे आफ्रिकेत घेऊन जाणार आहे. भूगोलाच्या सरांनी नववीत काँगोचे खोरे शिकवले होते. पाच मार्कांना यायचे. तेव्हा ते पाठ केले. समजायला मात्र चाळिशी ओलांडावी लागली.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी मी नोकरी सांभाळून फावल्या वेळात एका कामात हातभार लावत होते. जंगलात गस्त घालणारा वनरक्षक जीपीएस असलेला मोबाईल घेऊन फिरतो. देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत एम-स्ट्राइप्स नावाची पद्धत २०१० पासून आहे. कोण कुठे किती चालले, वाटेत काय दिसले, ठसे, विष्ठा, फासे, तोडलेली झाडे, याची नोंद त्यात होते. आमचे काम याच धर्तीचे, पण छोटे होते. मोबाईलमधली माहिती घ्यायची आणि दर आठवड्याला प्रत्येक बीटचा एक अहवाल तयार करायचा. पुरेसे चालणे झाले तर हिरवा रंग, कमी झाले तर लाल.

तो हिशेब करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात मी एक नियम घातला. गस्तीच्या नोंदीत अर्ध्या तासापेक्षा मोठा खंड पडला तर ती नोंद अपूर्ण समजायची आणि पुढचे अंतर धरायचे नाही. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून हा नियम मला फार चोख वाटला होता. पावसाळ्यात सागाची पाने भरली की उपग्रहाचा संकेत तुटतो, संरक्षण कुटीवरचे सौर पॅनल आठ-आठ दिवस ढगाखाली असते, मोबाईल चार्जच होत नाही, हे माझ्या डोक्यातही आले नाही. मी परतवाड्याची! घाटांगच्या पुढचे पावसाळी आभाळ लहानपणापासून पाहिलेली. तरीही नाही आले.

अहवाल वर जात राहिले. लाल रंग दिसला की कारणे दाखवा नोटीस निघू लागली. पुढच्या उन्हाळ्यात मी आईकडे आले असताना म्हटले, एकदा जागेवर जाऊन पाहावे. परवानगी घेऊन एका संरक्षण कुटीवर गेले. तिथला वनरक्षक माझ्याकडे बघून हसला. मी ओळखले नाही. म्हणाला, "वळखलं नाही का वं? एक्केचाळीस नंबर."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आता आठवला असेल. शेवटच्या बाकावरचा, वसतिगृहात राहणारा, कोरकू पोरगा. एन. सी. सी. च्या परेडला सगळ्यात पुढे आणि गणिताच्या तासाला सगळ्यात मागे. त्याने मला बजावले आहे की भाषणात माझे नाव घेऊ नको, म्हणून घेत नाही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो आहे, पण कधी बोलत नाही. आपल्याला वाटते तो आखडू आहे. त्याच्या कुटीवर रेंज येत नाही, एवढेच कारण आहे.

त्याच्याच बीटवर सलग सात आठवडे लाल रंग होता. तो मला त्याबद्दल चिडून बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मोबाईल बंद पडला म्हून मी काय घरी झोपलतो का? मी तं नाल्यातच होतो ना. तुह्या कम्प्युटरले दिसलो नाही, त्याले मी काय करू?"

नोटिशीचे उत्तर त्याने दिले, ते प्रकरण मिटले. पण त्याच्यासोबत चालणाऱ्या एका रोजंदारी वनमजुराची मजुरी त्या हिशेबात अडकली. दोन महिने वाट पाहून तो माणूस बांधकामावर मजुरीला निघून गेला, आणि परत आला नाही. त्या भागातला प्रत्येक पाणवठा, कुठल्या झिऱ्याला मे महिन्यात पाणी टिकते, कुठल्या वाटेने चोर लाकूड काढतात, सगळे त्याला पाठ होते. तो कुठल्या गोळीला भिऊन गेला नाही. माझ्या प्रोग्राममधल्या एका ओळीने गेला. मी घरी आल्यावर तो नियम त्याच रात्री बदलला. पण गेलेला माणूस प्रोग्राम बदलून परत येत नाही.

आपल्या वर्गात हजेरी घेताना सर गैरहजर मुलाच्या नावापुढे लाल शाईने खूण करायचे. पण सर निदान मान वर करून बाकाकडे बघायचे. मी बघितले नव्हते.

त्यानंतर मला एक नाद लागला. जगात इतर ठिकाणी जंगल राखणाऱ्यांची हजेरी कशी मोजतात, त्यांना कसे सांभाळतात, हे वाचायचा. त्यात मी काँगोपर्यंत पोहोचले. तिथे विरुंगा नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. आफ्रिकेतले सगळ्यात जुने, २१ एप्रिल १९२५ ला स्थापन झालेले. म्हणजे त्याची शंभरी नुकतीच झाली. क्षेत्र सुमारे ७,८०० चौरस किलोमीटर. आपला मेळघाट व्याघ्र प्रकल्प गाभा आणि बफर मिळून सुमारे २,७६८ चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्याच्या पावणेतीन पट मोठे. एका बाजूला युगांडा, एका बाजूला रवांडा, आणि मध्ये ज्वालामुखीचे डोंगर. त्या डोंगरांच्या उतारावर पर्वतीय गोरिला राहतो.

हा गोरिला जगात फक्त दोन ठिकाणी उरला आहे. एक हे विरुंगाचे डोंगर, आणि दुसरे युगांडातले ब्विंडीचे जंगल. १९८१ च्या मोजणीत विरुंगाच्या डोंगरांत २५४ गोरिला उरले होते. त्यांच्यावर आयुष्य घालवणाऱ्या डायन फॉसी यांचा डिसेंबर १९८५ मध्ये त्यांच्या झोपडीतच खून झाला. १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला. लाखो निर्वासित सीमा ओलांडून विरुंगाच्या कडेला येऊन बसले. त्यांना चूल पेटवायला लाकूड पाहिजे होते, ते जंगलातूनच आले. त्याच वर्षी युनेस्कोने विरुंगाला धोक्यातल्या जागतिक वारशांच्या यादीत टाकले. मग काँगोत एकामागून एक युद्धे. हत्यारबंद टोळ्या जंगलातच तळ ठोकून बसल्या. झाडे तोडून कोळसा करायचा आणि गोमा शहरात विकायचा, हा त्यांचा धंदा. शहरातली लाखो माणसे त्याच कोळशावर स्वयंपाक करतात.

म्हणजे तिथला रक्षक एका बाजूला बंदूकवाल्यांशी लढतो आणि दुसऱ्या बाजूला चुलीशी. चुलीशी कसे लढणार? परतवाड्यात लाकूड डेपोच्या वासात वाढलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

जुलै २००७ मध्ये विरुंगात रुगेंडो नावाच्या कुटुंबातल्या गोरिलांना गोळ्या घालून मारले. मांसासाठी नाही, कातड्यासाठी नाही. मारून तिथेच टाकून दिले. त्यातला मुख्य नर सेन्क्वेक्वे याला बांबूच्या मांडवावर बांधून गावकरी आणि रक्षक खांद्यावर घेऊन निघाले आहेत, ते छायाचित्र तुम्ही कदाचित पाहिले असेल. आपल्याकडे गावातला मोठा माणूस गेला की जशी गर्दी निघते, तसेच ते दृश्य आहे. त्याच वर्षी आणखी एका हत्येत आई गमावलेली एंडाकासी नावाची पिल्लू गोरिला वाचली. आंद्रे बाउमा नावाच्या रक्षकाने तिला छातीशी धरून ऊब दिली आणि पुढे वाढवले. सप्टेंबर २०२१ मध्ये ती आजारपणाने गेली, तेव्हाही ती त्याच्याच मांडीवर होती.

आणि रक्षकांचे काय? विरुंगात आजवर दोनशेहून अधिक रक्षक मारले गेले आहेत. १५ एप्रिल २०१४ ला उद्यानाचे संचालक इमॅन्युएल दे मेरोद यांच्यावर रस्त्यात गोळ्या झाडल्या, ते वाचले. २४ एप्रिल २०२० ला एकाच हल्ल्यात १२ रक्षक गेले. आपण त्या दिवशी टाळेबंदीत घरी बसून होतो. पुढच्याच जानेवारीत आणखी ६ गेले. जानेवारी २०२५ मध्ये तर गोमा शहरच एम-२३ या बंडखोर संघटनेच्या ताब्यात गेले. गोरिलांच्या भागात त्यांचे बंडखोर त्याआधीपासूनच होते.

आता एवढे सगळे ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की गोरिला संपले असतील. मलाही तसेच वाटले होते. पण विरुंगाच्या डोंगरांतली संख्या २०१० मध्ये ४८० झाली, आणि २०१५-१६ च्या मोजणीत ६०४. ब्विंडी धरून आज हजारावर आहेत. २०१८ मध्ये या गोरिलाला 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' या वर्गात आणले. चारी बाजूंनी लढाई चालू असताना एक प्राणी वाढला.

हे कसे झाले? मी इंजिनिअर आहे, मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळीस वर्षांची माहिती तपासली होती. गोरिलांचे काही कळप असे आहेत की त्यांच्याजवळ रक्षक किंवा संशोधक रोज जातात. त्यांना मोजतात, फास अडकला असेल तर काढतात, आजारी असेल तर जनावरांचा डॉक्टर बोलावतात. काही कळपांजवळ असे कोणी रोज जात नाही. पहिल्या प्रकारचे कळप वर्षाला सुमारे ४ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्या प्रकारचे हळूहळू घटत गेले. डोंगर तोच, झाडे तीच. फरक एवढाच की एकीकडे रोज माणूस जात होता.

याची उलटी बाजू आपल्या देशातच आहे. आसाममधले मानस. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे बोडो आंदोलन पेटले. चौक्या जाळल्या गेल्या, रक्षक मारले गेले, उरलेल्यांना मागे यावे लागले. मानसमध्ये तेव्हा सुमारे शंभर गेंडे होते. पुढच्या काही वर्षांत एकही उरला नाही. १९९२ मध्ये मानसही युनेस्कोच्या त्याच धोक्याच्या यादीत गेले. २००३ मध्ये करार झाला. त्यानंतर गावातली पोरे, काही तर पूर्वी हातात बंदूक घेतलेली, जंगल राखायला पुढे आली. चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या. २००८ पासून दुसरीकडचे गेंडे आणून सोडले, आणि २०११ मध्ये मानस त्या यादीतून बाहेर आले. रक्षक मागे आले तेव्हा गेंडे गेले, रक्षक परत उभे राहिले तेव्हा गेंडे आले.

आपल्या विदर्भातही असा एक कोपरा आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेला, छत्तीसगडच्या सीमेला लागून कोलामार्का आहे. राज्यातल्या रानम्हशींचा तो शेवटचा आसरा. २०१३ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र झाले. नक्षलवाद्यांचा वावर असलेल्या त्या टापूत वनखात्याची माणसे रानम्हशींचे माग काढत फिरली. ती बातमी आपल्यापर्यंत फारशी आली नाही.

आता मेळघाटाकडे येते. आपल्याकडे युद्ध नाही, हे आपले भाग्य. पण नाकेदाराचे काम सुखाचे आहे असे समजू नका. २२ फेब्रुवारी १९७४ ला मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातून आलेल्या टोळ्यांनी इथे लोखंडी सापळे लावून वाघ मारले. माल दिल्लीपर्यंत जात होता. त्या तपासात मेळघाटच्या वनकर्मचाऱ्यांनी फोनच्या नोंदींवरून माग काढत आरोपी पकडले, आणि त्यातूनच इथला सायबर सेल उभा राहिला. इतर जंगलांतली माणसे आज इथे विचारायला येतात. संगणकाचे काम करणारी मी, मला याचा फार अभिमान आहे. पण त्या तपासाची सुरुवात सुद्धा जमिनीकडे बघत चालणाऱ्या माणसापासूनच होते, हे मी आता विसरत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये अकोट बाजूला केलपाणी-गुल्लरघाटच्या भागात काय झाले ते तुम्ही पेपरात वाचले असेल. पुनर्वसन झालेल्या गावांतले लोक परत जंगलात आले. जमीन मिळाली नाही, सोयी मिळाल्या नाहीत, ही त्यांची तक्रार होती. वनकर्मचारी आणि पोलिसांशी त्यांची हाणामारी झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. मी त्यात कोणाची बाजू घ्यायला उभी नाही. आपला एक्केचाळीस नंबर त्याबद्दल म्हणाला होता, "दोन्हीकडं आमचेच लोक. दगड कोण्या बाजूनं आला ते पाहून दुखणं कमी होते का?" वाघाला जे 'कुला मामा' म्हणतात त्यांच्यातलाच एक वाघ राखायला उभा आहे, आणि त्यांच्यातलाच एक जमिनीसाठी. विरुंगातही असेच आहे. तिथले रक्षक आजूबाजूच्या गावांतलेच असतात, आणि टोळ्यांत गेलेली पोरेही त्याच गावांतली.

२० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी चिन्हांची पाहणी करताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या पायी होत्या, सोबत वनमजूर होते. गणनेचा आकडा जाहीर झाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या आकड्यात त्यांचे चालणे आहे.

आणि ज्या गोष्टीबद्दल इथे बोलावे की नाही असा मी दोन दिवस विचार केला, ती बोलते. मार्च २०२१ मध्ये आपल्या हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून झालेल्या त्रासाची तक्रार होती. हरिसाल म्हणजे देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून २०१६ मध्ये गाजलेले गाव. मी तेव्हा मोठ्या कौतुकाने पुण्यात सगळ्यांना सांगितले होते, हे आमच्याकडचे! पाच वर्षांनी त्याच गावातून ही बातमी आली. राखणाऱ्याला धोका फक्त समोरच्या बंदुकीचा किंवा वाघाचा नसतो. पाठीशी कोणी नसणे, हाही धोकाच आहे. आणि माझा तो लाल रंग आठवला की मला वाटते, तसा मीही त्यात माझा छोटा वाटा उचललाच होता.

विरुंगाकडून मला जर काही शिकायला मिळाले असेल तर ते बंदुकीचे नाही. रुमांगाबोला त्यांचे मुख्यालय आहे. तिथे मारल्या गेलेल्या रक्षकांच्या पत्नींसाठी एक शिवणकामाची कार्यशाळा आहे. त्या बायका तिथे वस्तू शिवतात, त्या विकल्या जातात, घर चालते. मेलेल्या रक्षकांच्या कुटुंबांसाठी वेगळा निधी आहे. शेजारी रवांडात पर्यटनाच्या उत्पन्नातला दहावा भाग उद्यानाभोवतीच्या गावांना मिळतो, त्यातून शाळा-दवाखाने होतात. सकाळी घरून निघणाऱ्या माणसाला ठाऊक असते की आपले काही झाले तर पोरे उघड्यावर पडणार नाहीत. मला वाटते, माणूस धोक्याच्या जागी टिकून राहतो तो याच भरवशावर. धाडस दोन दिवस पुरते. घरची काळजी रोजची असते.

आता आपल्याबद्दल. आपण काय करू शकतो?

आपल्यातले बरेच जण बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढायला जातात. छान आहे, जा. मीही जाऊन आले. पण त्या एका रात्रीचे फोटो आपण वर्षभर दाखवतो, आणि खाली कुटीत उरलेल्या रात्री कोण असते ते विचारत नाही.

मेळघाटातल्या वनरक्षकांची आणि वनमजुरांची बरीच कुटुंबे पोरांच्या शाळेसाठी इथेच परतवाड्यात खोली करून राहतात. बाप सेमाडोहच्या पलीकडे, आई आणि लेकरे इथे. एक्केचाळीस नंबरचीही तशीच आहेत. त्याच्या घरी मी गेले होते. थोरली पोरगी दहावीला आहे. मी तिला विचारले, अभ्यास कोण घेते? म्हणाली, "कोणीच नाही. बाबा महिन्यातून दोनदा येतात, तेव्हा झोपूनच असतात."

मी चार गोष्टी सुचवते. मोठ्या नाहीत.

पहिली. परतवाड्यात राहणाऱ्या आपल्या वर्गातल्या शिक्षकांनी या मुलांसाठी आठवड्यातून तीन संध्याकाळ अभ्यासवर्ग घ्यावा. बाईंनी मघाशी चहाच्या वेळी सांगितले की त्या निवृत्त असल्या तरी मराठी शिकवायला येतील. बाई, आपण शब्द दिला आहे, मी तो छापणार आहे.

दुसरी. आपल्यात पाच डॉक्टर आहेत. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, संरक्षण कुट्यांवरच्या लोकांची तपासणी करावी. जाळरेषा काढून आणि वणवे विझवून त्यांचा उन्हाळा जातो, आणि मग हिवतापाचा हंगाम सुरू होतो. वनमजुरांना तर आजारी पडले की मजुरीच बुडते.

तिसरी. आपल्या वकील आणि सी. ए. मित्रांनी वर्षातून दोन दिवस द्यावेत. विमा, नामनिर्देशन, वारसाचे कागद, अपघाताचा दावा, हे सगळे जिवंतपणी नीट भरलेले असावे. माणूस गेल्यावर त्याची बायको सही कुठे करायची ते शोधत कचेऱ्या फिरते, हे टाळता येते.

चौथी माझ्याकडे. ज्यांच्या अहवालात खोटा लाल रंग येतो त्यांनी मला किंवा माझ्यासारख्या कोणाला सांगावे, यासाठी मी दर सुट्टीत इथे दोन दिवस बसेन. खात्याच्या परवानगीनेच बसेन. त्या दिवशी मी एक शिकले, की यंत्राने "दिसला नाही" म्हटले तर त्याचा अर्थ "नव्हता" असा घ्यायचा नाही. निदान आधी विचारायचे.

मेळाव्याच्या वर्गणीतून उरलेली रक्कम काय करायची यावर मघापासून चर्चा चालू आहे. शाळेला प्रवेशद्वार बांधायचे असे काही जणांचे मत आहे. प्रवेशद्वारही व्हावे. पण त्यातला काही भाग या अभ्यासवर्गासाठी आणि तपासणीसाठी बाजूला काढावा, असा मी ठराव मांडते. कोणी अनुमोदन दिले तर बरे होईल.

शेवटचे एक. सकाळी आपण गमतीने जुन्या क्रमाने हजेरी घेतली. सर, तुम्ही एक्केचाळीस म्हटल्यावर कोणी बोलले नाही, आणि मागून कोणीतरी "गैरहजर" म्हटले. तो आज आला नाही, कारण बहिरमची यात्रा चालू आहे, सुट्ट्यांमुळे पर्यटकांची गर्दी आहे, आणि त्याच्या जोडीदाराच्या घरी आजारपण आहे. परवा रात्री तो रेंजमध्ये आला होता, तेव्हा त्याने मला फोन केला. म्हणाला, "सगळ्यायले माहा नमस्कार सांग. सरायले जास्त सांग. अन् जेवणात काय काय होतं ते मले सांगजो."

सर, तेवढी एक खूण दुरुस्त करावी, ही विनंती. तो त्याच्या बीटवर आहे.